मेंटॉर सातासमुद्रापार, मुलगी कामरगावात

'पोरगी शिकली थे बरं झालं, पन एवढ्या दूर कायले?' कामरगाव असो, कारंजा असो की मानोरा, कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलीच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. जिथे पुणंसुद्धा लांब वाटतं, तिथे अमेरिका-युरोपचं नाव कोण काढणार? पण टेक्नॉलॉजीच्या क्षेत्रात एक दरवाजा असा आहे, जो गाव न सोडता उघडतो. त्याचं नाव आउटरीची.

गोष्ट 2006 ची. 'नोम' हा लिनक्सवर चालणारा ओपन सोर्स प्रकल्प. म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचू शकतो, सुधारू शकतो. त्या वर्षी गूगल समर ऑफ कोडसाठी नोमकडे 181 अर्ज आले. त्यात मुलींचे किती? शून्य! एकही नाही. मुलींना कोडिंग जमत नाही, असं म्हणून तिथल्या लोकांनी हात झटकले नाहीत. आपल्या दारातच काहीतरी अडतंय, हे ओळखून त्यांनी खास मुलींसाठी उन्हाळी कार्यक्रम काढला. पुढे तो वाढला आणि 2015 पासून आउटरीची या नावाने ओळखला जाऊ लागला. आता तो फक्त मुलींपुरता नाही, टेक क्षेत्रात भेदभाव सोसावा लागणाऱ्या सगळ्यांसाठी आहे.

नेमकं काय मिळतं?

तीन महिन्यांची इंटर्नशिप, पूर्ण ऑनलाइन. आठवड्याला साधारण 30 तास काम. विकिमीडिया, फेडोरा, लिनक्स कर्नल अशा प्रकल्पांनी यात भाग घेतला आहे. प्रत्येक इंटर्नला अनुभवी मेंटॉर मिळतात. ते जगात कुठेही बसलेले असू शकतात. वर 7,000 डॉलर मानधन, म्हणजे पाच लाख रुपयांच्या वर. अर्जाला फी नाही. त्यामुळे 'सिलेक्शन करून देतो' म्हणत कुणी पैसे मागितले, तर सरळ फोन ठेवा. आणि काम फक्त कोडिंगचंच नसतं बरं का! डिझाइन, डॉक्युमेंटेशन, डेटा अशी कामंही असतात.

निवडीची पद्धत मात्र आपल्या कॅम्पस इंटरव्ह्यूपेक्षा वेगळी आहे. आधी एक अर्ज. त्यात तुमच्या परिस्थितीबद्दल आणि अडचणींबद्दल प्रश्न असतात. तो मंजूर झाला की पुढचे काही आठवडे निवडलेल्या प्रकल्पात प्रत्यक्ष छोटी छोटी कामं करून दाखवायची. तुमच्या कॉलेजचं नाव किती मोठं, यापेक्षा तुम्ही काय केलं आणि अडल्यावर काय विचारलं, हे इथे दिसतं.

सर नाही, मॅडम नाही

आणि आपली खरी अडचण इथेच सुरू होते. वर्गात हात वर केला की मागून हसणं ऐकू येतं, म्हणून आपण शंका मनातच ठेवायला शिकतो. ओपन सोर्समध्ये उलटं आहे. तिथे प्रश्न सगळ्यांसमोर, लिहून विचारायचा असतो. 'मी हे करून पाहिलं, हा एरर आला, आता इथे अडले आहे,' असा प्रश्न विचारणारी मुलगी तिथे बावळट ठरत नाही, कामाची ठरते. मेंटॉरला नावाने हाक मारायची, हे तर आपल्याला पहिले पंधरा दिवस जडच जातं. पण तो फक्त रिवाज नाही. मेंटॉर पेपर तपासणारा मास्तर नसतो, तुमच्याआधी त्या रस्त्याने गेलेला सोबती असतो.

सातासमुद्रापारची अशी सोबत मराठी मुलींना अगदीच नवी नाही. गोपाळराव जोशींनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिथल्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते वाचलं आणि ओळख ना पाळख, थेट पत्र लिहिलं. कार्पेंटरबाई काही डॉक्टर नव्हत्या. पण 1883 मध्ये आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या, तेव्हा त्यांना घर मिळालं ते याच 'मावशीं'चं. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पण प्रकृती पार ढासळली आणि पुढच्याच वर्षी, बाविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत, त्या गेल्या. तेव्हा शिकायचं तर देश सोडावा लागे. आज ती किंमत मोजल्याशिवाय तशी सोबत मिळू शकते, ही लहान गोष्ट नाही.

अर्थात, घरी बसून करायचं काम म्हणजे सोपं, असा समज नको. लाइट जाते, रेंज जाते. लॅपटॉप एक आणि भावंडं तीन. सगळ्यात कठीण म्हणजे, मुलगी घरात दिसली की ती 'रिकामी' आहे असं धरलं जातं. म्हणून घरच्यांशी आधीच बोला. हे मोबाइल पाहणं नाही, पगारी काम आहे आणि त्याला ठरलेले तास आहेत, हे पटवून द्या. मानधनाचा आकडा इथे उपयोगी पडेल!

सुरुवात कुठून?

आउटरीची वर्षातून दोनदा असते, मे ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते मार्च. आपल्याकडच्या विद्यार्थिनींसाठी मे महिन्याची फेरी. तिचे अर्ज साधारण जानेवारीत सुरू होतात. वय 18 पूर्ण हवं आणि कॉलेजचं वेळापत्रक अर्जात द्यावं लागतं. म्हणून विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा कुठवर लांबेल, याचा हिशेब आधीच करा. चालू वर्षाच्या तारखा आउटरीची डॉट ऑर्गवर पाहा. गूगल समर ऑफ कोडही नवख्यांसाठी खुलं आहे, तेही बघून ठेवा.

जानेवारीपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. फायरफॉक्स ब्राउझर मराठीत आहे आणि त्याचं भाषांतर स्वयंसेवक करतात. मराठी विकिपीडिया 2003 पासून तुमच्याआमच्यासारख्यांनीच उभा केलाय. त्यावर आपल्या गावचं पान शोधा, चुकलेलं दुरुस्त करा. अनोळखी माणसांबरोबर, सगळ्यांसमोर काम करायची सवय इथूनच लागते. इंग्रजी कच्चं आहे? लहान वाक्यं लिहा. तिथे व्याकरणाचे मार्क नसतात.

181 अर्जांतला तो शून्य कुणीतरी मोजला, म्हणून हा दरवाजा उघडला. आता आपल्या कॉलेजातून किती अर्ज जातात, तेही एकदा मोजून बघू या.