जुन्या गाडीच्या ब्रेकची तबकडी : ढिली कीं खराब, हें कसें ओळखावें

आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या अंगणांत हल्लीं बैलगाडीच्या जागीं एखादी जुनी मोटार किंवा लहान व्हॅन उभी असते. वर्षाचे बहुतेक महिने बाजारहाट आणि दवाखाना एवढेंच तिचें काम. परंतु चैत्र-वैशाखांत तिच्यांत हापूसच्या पेट्या चढतात आणि ती साखरप्यावरून आंबा घाट चढून मलकापूर, कोल्हापूरकडे जाऊं लागते. घाट चढतांना इंजिनाची परीक्षा होते व उतरतांना ब्रेकची. इंजिन नापास झालें तर गाडी रस्त्याच्या कडेस उभी राहते. ब्रेक नापास झाला तर ती उभी राहत नाहीं. म्हणून ब्रेकच्या एका भागाविषयीं, म्हणजे पुढील चाकांच्या तबकडीविषयीं, चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

मी मिस्त्री नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला एक सामान्य बागाईतदार आहें. परंतु त्या नोकरीनें एक शिस्त अंगीं लाविली : जागेवर जाऊन पाहणी झाल्यावांचून कागदावर नोंद करूं नये. गाडीच्या बाबतींत ती शिस्त मी एकदां मोडली व त्याचा दंड भरला. ती हकीकत पुढें येईलच.

प्रथम रचना समजून घेऊं. जुन्या अँबॅसडर व पद्मिनी गाड्यांना मुळांत चारही चाकांस ड्रमचे ब्रेक असत. पुढें आलेल्या बहुतेक लहान गाड्यांत मागें ड्रम व पुढें तबकडी, म्हणजे डिस्क, अशी व्यवस्था असते. ही युक्ति नवी नाहीं. इंग्लंडांतील फ्रेडरिक लँचेस्टर ह्यांनीं १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें होतें. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील शर्यत तबकडीचे ब्रेक असलेल्या जॅग्वार गाडीनें जिंकली, आणि त्यानंतर ती हळूहळू सर्वसाधारण गाड्यांत आली. तबकडी बिडाची असते व चाकाबरोबर फिरते. तिला कवटाळून कॅलिपर बसविलेला असतो. पायानें ब्रेक दाबला कीं तेलाच्या दाबानें कॅलिपरमधील दोन पॅड तबकडीस दोन्ही बाजूंनीं आवळतात आणि गाडीचा वेग घर्षणानें उष्णता होऊन जातो. म्हणजे घाट उतरतांना गाडीचें व मालाचें सारें ओझें त्या दोन बिडाच्या ताटल्यांवर तापत असतें.

तबकडीचीं दोन्ही तोंडें एकमेकांस समांतर असावीं, सर्वत्र जाडी सारखी असावी व फिरतांना ती डुलूं नये, एवढ्या तीन अटी पाळल्या गेल्या तर ब्रेक मऊ लागतो. ह्यांपैकीं एक जरी मोडली तरी पॅड पुढें-मागें ढकलले जातात, आणि तो धक्का तेलावाटे पायास व चाकाच्या जोडावाटे स्टिअरिंगला पोंचतो. लोक त्यास ‘डिस्क वांकली’ असें म्हणतात. वस्तुतः पुष्कळदां ती वांकलेली नसून वांकडी बसलेली असते, आणि हाच ह्या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

माझी हकीकत अशी. तीन वर्षांपूर्वीं पावसाळ्यानंतर माझ्या जुन्या गाडीचें स्टिअरिंग ब्रेक लावतांच थरथरूं लागलें. मीं गाडी एका गॅरेजांत दिली. तेथील कारागिरानें चाक उघडलें, तबकडी काढून लेथवर घासून आणली व परत चढविली. थरथर गेली. दोन महिन्यांनीं ती पुन्हां आली. तेव्हां मीं कांहीं न पाहतां नव्या तबकड्या विकत घेतल्या. पुन्हां दोन महिने बरे गेले व पुन्हां तेंच. अखेर ऐन आंब्याच्या दिवसांत, मुलगा व सून गाडींत असतां, घाटाच्या उतारावर पाऊल ठेवतांच सारी गाडी हादरूं लागली, आणि पहिल्या गिअरमध्यें, जीव मुठींत धरून, आम्ही खालीं आलों. नंतर गांवांतील एका वृद्ध मिस्त्र्यानें तबकडी काढून हबच्या तोंडावरून बोट फिरविलें व तें मला दाखविलें. त्यावर तांबड्या गंजाचे पापुद्रे होते. ‘भाऊ, ताट कितीही नवें आणा, पाटच खडबडीत असेल तर तें डुगडुगणारच,’ असें तो म्हणाला. तारेचा ब्रश व अर्ध्या तासाची मेहनत, एवढ्यानें काम झालें. आज तीच तबकडी गाडीस आहे.

थरथर दोन महिन्यांनीं कां येते, हेंही त्यानें उलगडून सांगितलें. हबच्या तोंडावर मध्याजवळ केसाएवढा गंजाचा कण राहिला तर तबकडीच्या कडेस तोच फरक वाढून दिसतो, कारण कड मध्यापासून दूर असते. मग ब्रेक न लावतांही तबकडीची पुढें आलेली बाजू प्रत्येक फेऱ्यास पॅडला चाटून जाते. चाटतां चाटतां ती जागा बारीक झिजते, जाडी विषम होते, आणि मग कोठें पायास धक्के लागूं लागतात. आपल्या किनाऱ्यावर खारी हवा, त्यांत चार महिन्यांचा पाऊस. येथें गंज हा भाऊबंदच समजावा. म्हणून ही परीक्षा कोंकणांत प्रथम करावी.

आतां तपासणीचा क्रम सांगतों. पहिली तपासणी रस्त्यावर, सपाट व मोकळ्या जागीं करावी.

एक : ब्रेक न लावतां ठराविक वेगास थरथर होते काय? होत असेल तर बहुधा दोष टायरचा, चाकाच्या तोलाचा किंवा वांकलेल्या रिमचा आहे. तबकडीस बोल लावूं नये. केवळ ब्रेक लावल्यावरच होत असेल तर तबकडीकडे वळावें.

दोन : हादरा हातास लागतो कीं बैठकीस? स्टिअरिंग हालत असेल तर बहुधा पुढील चाकें; बैठक हालत असेल तर मागील ड्रम. खात्री करण्यास, रस्ता अगदीं रिकामा असतां, मंद वेगावर हातब्रेकचें बटण दाबून धरून तो हलकेच ओढावा. बहुतेक गाड्यांत तो केवळ मागील चाकांस लागतो. तेव्हां हादरा आला तर दोष मागें आहे.

तीन : गाडी चालण्याच्या वेगानें पुढें नेऊन ब्रेक लावावा, मग मागें घेऊन लावावा. दिशा बदलतांच प्रत्येक वेळीं एकच ‘टक्’ असा आवाज आला तर कांहींतरी सरकत आहे : कॅलिपरमध्यें पॅड, किंवा ढिली तबकडी, किंवा चाकाचे नट. पॅडची हलकी टिकटिक कांहीं गाड्यांत स्वाभाविक असते. परंतु जड ठोका दुर्लक्षूं नये.

चार : खडबडीत रस्त्यानंतर पहिल्यांदां ब्रेक दाबतांना पाय नेहमींपेक्षां खोल जातो व दुसऱ्यांदां ठीक लागतो काय? तसें असेल तर चाकाचें बेअरिंग ढिलें होऊन तबकडी पॅडना मागें लोटीत असण्याचा संभव आहे.

दुसरी तपासणी गाडी उभी करून. जागा सपाट व कठीण असावी, इतर चाकांस दगड लावावेत, नट जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावेत व मग जॅक लावावा. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात किंवा डोकें घालूं नये. भक्कम स्टँड ठेवावा. ब्रेकची धूळ तोंडानें किंवा हवेनें फुंकूं नये, कारण जुन्या पॅडमध्यें ॲस्बेस्टॉस असे व तो फुप्फुसांस घातक आहे; ओल्या फडक्यानें पुसावी.

चाक काढण्यापूर्वीं तें वर व खालीं धरून हालवून पाहावें. खडखड लागली तर सोबत्यास ब्रेक दाबण्यास सांगून पुन्हां हालवावें. खडखड नाहींशी झाली तर बेअरिंग. राहिली तर खालील सांधे. नटांभोवतीं तांबड्या गंजाचे ओघळ, किंवा रिमचीं भोकें लांबट झालेलीं दिसलीं, तर चाक बरेच दिवस ढिलें चालत आलें असें समजावें.

आतां चाक काढल्यावर एक गोष्ट नवख्यास घाबरविते : तबकडी हातानें डुगडुगते. अनेक गाड्यांत ती हब व चाक ह्यांच्यामध्यें नुसती बसविलेली असते आणि चाकाचे नटच तिला आवळून धरतात. म्हणून चाक काढल्यावर ती हालली तर तो दोष नव्हे. नटांखालीं वॉशर घालून ते परत आवळावेत व मग पाहावें. तरीही हालली तर ती खरोखर ढिली. कांहीं जुन्या गाड्यांत मात्र तबकडी हबच्या पाठीमागें स्वतंत्र बोल्टांनीं जखडलेली असते. तेथें चाक काढल्यावरही ती मुळींच हालतां कामा नये.

नट आवळलेल्या स्थितींत चाकाऐवजीं तबकडी फिरवून तिच्या कडेजवळ एक ताठ तार स्थिर बांधावी. फट एका जागीं मिटते व दुसऱ्या जागीं उघडते असें डोळ्यांस दिसलें तर डुलणें निश्चितच फार आहे. कारण चालूं शकणारी मर्यादा बहुतेक गाड्यांत एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते व ती केवळ डायल गेजवर कळते. डुललीच तर तबकडी काढून हबचें व तिचें तोंड तारेच्या ब्रशनें निर्मळ करावें, तेथें ग्रीस थापूं नये, आणि नट एकाआड एक, समोरासमोरचे, पायरीपायरीनें व सारख्या जोरानें आवळावेत. शंभरएक किलोमीटर चालल्यावर ते पुन्हां तपासावेत.

खरोखर खराब झालेल्या तबकडीचीं लक्षणें निराळीं. नखास अडकणारे खोल चरे, पॅड संपून लोखंड लोखंडावर घासल्याची खरखर, तापून पडलेले निळसर डाग, आणि तडे. पृष्ठभागावरील केसासारख्या रेषा एक वेळ चालतील, पण कडेपर्यंत गेलेली चीर दिसली तर गाडी तेथेंच उभी करावी. कमींत कमी जाडी बहुधा तबकडीवरच कोरलेली असते. नव्या व शेवटच्या जाडींत पुष्कळ लहान गाड्यांत दोन मिलिमीटरांच्या आसपासच फरक असतो. म्हणून वारंवार लेथवर घासणें म्हणजे मुद्दल खाणें होय. बदलावयाच्या तर दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्यात व पॅडही नवे घालावेत. पावसाच्या रात्रीनंतर सकाळीं दिसणारा तांबूस थर मात्र निरुपद्रवी आहे; चारदोन ब्रेकांत तो जातो.

शेवटीं घाटाविषयीं. चांगली तबकडीही सतत दाबलेल्या पायापुढें टिकत नाहीं. उतारास लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा. ब्रेक दाबावा, सोडावा, तिला निवूं द्यावें. तेल वांचविण्यासाठीं इंजिन कदापि बंद करूं नये; ब्रेकची मदत व स्टिअरिंग दोन्ही जातात. तापलेल्या तबकडीवर पाणी ओतूं नये. पाय एकाएकीं भुसभुशीत लागला तर तो तबकडीचा दोष नसून तापून उकळलेल्या ब्रेकच्या तेलाचा असूं शकतो. तें ओल शोषतें, यास्तव साधारण दोन वर्षांनीं बदलावें.

आंब्याची पेटी भरण्यापूर्वीं आपण एकेक फळ हातांत घेऊन पाहतों. पहिली पेटी गाडींत चढण्यापूर्वीं एक सकाळ त्या दोन ताटल्यांस द्यावी. खर्चाचें काम शेवटीं. पाना, ब्रश आणि डोळे ह्यांचें काम प्रथम.