‘उष्ण’ प्लग आणि ‘शीत’ प्लग : जुन्या पेट्रोल जीपच्या संदर्भात

यंत्रव्यवहारातील काही संज्ञा अशा असतात की, त्यांचा वाच्यार्थच जाणत्यालाही फसवितो. स्पार्क प्लगाला लावले जाणारे ‘उष्ण’ आणि ‘शीत’ हे शब्द त्यांपैकीच होत. उष्ण प्लग म्हणजे अधिक प्रखर ठिणगी देणारा प्लग, अशी एक समजूत आढळते. वस्तुतः ठिणगीच्या प्रखरतेशी या शब्दांचा संबंध नाही. प्लगाचे टोक ज्वलनकक्षातील उष्णता किती त्वरेने इंजिनाच्या हेडकडे पोहोचविते, एवढेच त्यांवरून कळते. मधल्या दांडीभोवतीचे चिनी मातीचे नाक लांब असेल, तर उष्णतेला लांबची वाट चालावी लागते आणि टोक तापलेले राहते. तो उष्ण प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते, तो शीत. या एका शब्दाच्या गैरसमजापायी पिस्टनला भोक पडू शकते; म्हणून हा भेद नीट समजून घेणे अवश्य आहे.

टोकाचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर त्यावरील काजळी आपोआप जळून जाते. तेच ८५० ते ९०० अंशांच्या पलीकडे गेले, तर ठिणगी पडण्यापूर्वीच तापल्या टोकाने मिश्रण पेट घेते. या दोन मर्यादांच्या आत राहणे हे प्लगाचे काम. पण वाहन कसे चालविले जाते यावर ते बरेचसे अवलंबून असते. सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर येथे ही गोष्ट एकाच रस्त्यावर पाहावयास मिळते. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून वेळापुरास येते व पुढे भंडीशेगावकडे जाते. त्या दिवसांत दिंड्यांमागून वाहने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन्‌तास सरकत असतात. त्यांतील बहुतेक डिझेलवर चालतात, आणि डिझेल इंजिनास स्पार्क प्लग नसतोच. परंतु एखादी जुनी पेट्रोल जीप त्यांत सापडली, तर तिच्या प्लगाचे टोक पुरेसे तापत नाही, काजळी धरते, आणि मोकळ्या रस्त्यावर येताच इंजिन ‘मिस’ मारू लागते. तीच जीप वैशाखाच्या उन्हात ओझे घेऊन सांगोल्याकडे निघाली, म्हणजे भीती उलट्या बाजूची असते. वर्षातले चार दिवस सोडून उरलेल्या दिवसांचा विचार करूनच प्लग निवडावयाचा, हे यावरून उघड आहे.

निवडीतली खरी अडचण अंकांची आहे. प्लगावरचा अंक हा निव्वळ संकेत होय. त्याचा अर्थ कारखानदाराने ठरविलेला असतो. चॅम्पियनच्या पद्धतीत अंक वाढला की प्लग अधिक उष्ण. एनजीकेच्या पद्धतीत अंक वाढला की अधिक शीत. बॉशने तर आपलाच संकेत उलटविला. तिच्या जुन्या पद्धतीत २२५ हा १७५ पेक्षा शीत. नव्या पद्धतीत ८ हा ७ पेक्षा उष्ण. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, या सिद्धान्ताला याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडावयाचे नाही. तात्पर्य, दुकानदाराने ‘हाच नंबर, दुसऱ्या कंपनीचा’ असे म्हणून दिलेला प्लग कधीही घेऊ नये. दोन्ही कंपन्यांचा तुलनात्मक तक्ता पाहावा. आट्यांची लांबीही तेवढीच महत्त्वाची. आखूड आट्यांच्या हेडमध्ये लांब आट्यांचा प्लग बसविल्यास तो पिस्टनवर आदळू शकतो.

महिंद्रच्या सीजे-३बी जीपमधील सुमारे २.२ लिटरच्या चार सिलिंडरांच्या हरिकेन इंजिनाला चॅम्पियन जे ८ हा प्लग आणि ०.०३० इंच, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर, गॅप विहित आहे. इंजिन नवे असताना हा प्रश्न येथेच संपतो. जुन्या इंजिनात मात्र काढलेला प्लग आधी वाचावा लागतो. कोरडी, मऊ काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल अधिक आहे. ओलसर, तेलकट काळेपणा असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले आहेत. टोक पांढरे पडून त्यावर फोड आले असतील तर ते अतिउष्णतेचे लक्षण. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसला, तर दोष कार्बुरेटरात न शोधता त्या सिलिंडरात किंवा त्याच्या वायरीत शोधावा. येथे एक पाठभेद ध्यानात ठेवला पाहिजे. जुन्या पुस्तिकांतील रंगवर्णने शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली आहेत. भारतात ते पेट्रोल २००० साली बंद झाले. आजच्या पेट्रोलवर निरोगी प्लगही पूर्वीपेक्षा फिकट दिसतो. जुने वर्णन प्रमाण मानून अशा प्लगाला ‘तापलेला’ ठरविणे चूक होय.

तेल खाणाऱ्या इंजिनात एक पायरी उष्ण प्लग घालण्याची प्रथा आहे. काही महिने काम भागविण्यास ती ठीक. दोन पायऱ्या चढणे मात्र धोक्याचे. अशा इंजिनात महागडे इरिडियमचे प्लग घालणे म्हणजे निव्वळ पैसा जाळणे.

वायरींकडे दुर्लक्ष फार होते. त्यांतून दहा-वीस हजार व्होल्टांचा दाब जातो, आणि रबराला चीर पडली असेल तर पावसाळी दमट हवेत तो प्लगापर्यंत न पोहोचता हेडवर उतरतो. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडले, तर गळतीच्या जागी निळसर ठिणग्या दिसतात. चालू इंजिनात वायरीस हात मात्र लावू नये. कार्बन गाभ्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण दहा ते वीस हजार ओहम असतो. एखादीचा आकडा त्याहून फार मोठा निघाला तर तिचा गाभा तुटला असे समजावे. तांब्याच्या गाभ्यात असा रोध नसतो, आणि म्हणूनच जवळचा रेडिओ खरखरतो. एक वायर गेली की उरलेल्या तिघींचेही वय तेच असते. संच एकदमच बदलावा.

बदलताना इंजिन थंड हवे. प्लगाभोवतीची धूळ आधी फुंकून काढावी, नाहीतर ती सिलिंडरात पडते. वायर ओढताना टोपण धरावे, वायर नव्हे. एका वेळी एकच वायर काढून त्याच जागी नवी घालावी. या इंजिनाचा ज्वलनक्रम १-३-४-२ असल्याने चारही एकदम सोडल्यास घोटाळा ठरलेलाच. गॅप फिलर गेजने तपासावी आणि कमी-जास्त करताना बाहेरची पट्टीच वाकवावी. आटे प्रथम बोटांनी फिरवावेत. प्लग टेकल्यावर नव्या वॉशरास पाना अर्धा ते पाऊण फेरा पुरे, वापरलेल्या वॉशरास त्याहूनही कमी. काढलेले प्लग सिलिंडरांच्या क्रमाने फळीवर मांडून ठेवावेत. पुढच्या खेपेस ताडून पाहण्यास ते उपयोगी पडतात.