ठिणगीविना चाळीस कोटी स्फोट

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. तिथे नुसती हवा दाबतात. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं ना, तोच प्रकार. फक्त इथे दाब इतका, की हवेचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं. अशा हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते आपलं आपणच पेटतं. इंजिन गार असेल तर ग्लो प्लग आधी जरा ऊब देतात, म्हणून किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरची स्प्रिंगच्या आकाराची पिवळी खूण विझेपर्यंत थांबायचं असतं. पुढचं सगळं काम दाबाचं.

आज जुन्या बाजारात मिळणाऱ्या छोट्या डिझेल गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांचं काळीज एकच आहे: फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन. युरोपात ते २००३ साली आलं. आपल्याकडे मारुतीने स्विफ्टमध्ये घालून त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट म्हटलं, फियाटच्या पुंटोत ते मूळ नावानेच राहिलं. टाटा आणि फियाटच्या भागीदारीतल्या रांजणगावच्या कारखान्यात ते बनायचं. एवढंच नव्हे, डिझेल गाड्यांना मागणी फार वाढली तेव्हा, २०१२ साली, मारुतीनेही तिथून इंजिनं घेण्याचा करार केला. म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनीच्या गाडीतलं इंजिनही पुणे जिल्ह्यातलं असू शकतं!

या इंजिनाचा एक सिलिंडर ३१२ घनसेंटिमीटरचा. तेवढी हवा पिस्टन चहाच्या चार चमच्यांएवढ्या जागेत कोंबतो. आता त्यात डिझेल किती सोडायचं? साधा हिशेब करू. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे, इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतं आहे आणि लिटरला वीसचं ॲव्हरेज देतं आहे. चार सिलिंडर मिळून सेकंदाला सुमारे ६७ वेळा पेट घेतात आणि प्रत्येक वेळी वाट्याला येतं जेमतेम बारा घनमिलिमीटर डिझेल. साबुदाण्याच्या बारीक दाण्याएवढं. तेही एका दमात सोडत नाहीत. एकदम सोडलं तर एकदम भडकतं आणि जुन्या जीपसारखी खडखड होते. म्हणून आधी एक इवलीशी चुळूक, मग मुख्य फवारा. मल्टिजेटमध्ये एका खेपेत पाच तुकड्यांपर्यंत सोय आहे. पेट घेण्याचा हाच हिशेब लाख किलोमीटरला लावला तर आकडा निघतो चाळीस कोटींचा. जाणकार याला स्फोट म्हणणार नाहीत, ज्वलन म्हणतील. बॉनेट उघडून शेजारी उभं राहिलं की कानाला मात्र स्फोटच ऐकू येतात.

इतकं बारीक काम करायचं तर डिझेलवर दाबही तसाच हवा. या इंजिनाच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, तो १६०० बारपर्यंत जातो. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर दीड टनाहून जास्त भार. तो पेलणाऱ्या पंपातल्या आणि इंजेक्टरमधल्या सरकत्या भागांमध्ये फट असते दोन-चार मायक्रॉनची. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. आणि या भागांना वंगण कसलं? डिझेलचंच. त्यात पाणी शिरलं की वंगण जातं, गंज येतो, आणि काही हजारांत जाणारं बिल हातात पडतं. मेकॅनिक डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायला सांगतो तेव्हा त्याला कटकट समजू नये. टाकी कायम तळाला ठेवायचीही सवय नको, कारण रिकाम्या टाकीतल्या दमट हवेतल्या बाष्पाचं रात्री पाणी होतं.

ऑइलची गोष्ट याहून चमत्कारिक. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो आणि तो टेकलेला असतो ऑइलच्या पातळ थरावर. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केलं तर ऑइलचा पुरवठा थांबतो आणि तापलेल्या टर्बोत उरलेलं ऑइल करपतं. अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवावं. मल्टिजेटमध्ये टायमिंगला पट्टा नाही, साखळी आहे. ती बदलावी लागत नाही असं विकणारे सांगतात. हे अर्धसत्य आहे. साखळी ताणून धरणारा भागही ऑइलच्याच दाबावर चालतो, तेव्हा ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत साखळीही वाजू लागते.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम आले. मारुतीने या इंजिनाला तेव्हाच निरोप दिला. बीएस-६च्या छोट्या डिझेल गाड्यांत, उदाहरणार्थ टाटा अल्ट्रोझमध्ये, काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो साचलेली काजळी सहाशे अंशांच्या आसपास जाळून टाकतो आणि ती उष्णता मिळवायला जादा डिझेल खर्च करतो. गाडी रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होत असेल तर हे जाळणं अर्धवट राहतं आणि काही गाड्यांत न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत ऑइलमध्ये उतरतं. मग डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. जुनी बीएस-६ डिझेल बघताना डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे गेलेलं ऑइल दिसलं तर खूश होऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे. शहरातल्या शहरात शाळा, भाजी, ऑफिस एवढंच करायचं असेल तर जुनी डिझेल घेऊ नये. दर आठवड्याला पुणे-नाशिक असेल तर सर्व्हिसच्या पावत्या असलेली लाखभर चाललेली गाडी घ्यावी. मीटरवर चाळीस हजार आणि हातात एकही पावती नाही, अशी नको. डिझेल इंजिनाचं दुखणं गारठलेलं असताना सर्वांत स्पष्ट कळतं. तेव्हा विकणाऱ्याला आदल्या दिवशीच फोन करून सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. आणि पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावून बघा.