पेठेतल्या उन्हाचा हिशेब

इमारतीच्या उंचीवरून भांडण हे पुण्याला नवे नाही. खुद्द शनिवारवाड्याचीच आख्यायिका पाहा. १७३० च्या जानेवारीत थोरल्या बाजीरावांनी वाड्याचा पाया घातला आणि सगळी इमारत दगडी करायचे मनात आणले. तेव्हा सातारकरांची तक्रार आली म्हणे, की अशी दगडी वास्तू बांधण्याचा मान छत्रपतींचा. मग खालचे काम दगडात झाले आणि वरचे विटांत. वाड्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावरून आळंदीच्या देवळाचा कळस दिसे, असेही सांगतात. यातले खरे किती आणि तिखटमीठ किती, हे इतिहासकारांनी ठरवावे. बांधणाऱ्याखेरीज इतरांनाही त्याच्या उंचीबद्दल काही म्हणायचे असते, एवढे मात्र त्या काळीही गृहीत होते.

आज सदाशिव, नारायण, कसबा, शुक्रवार, कोणत्याही पेठेत शिरा. दोन मजली कौलारू वाड्याला खेटून दहा-बारा मजल्यांची इमारत उभी राहते आहे आणि गल्लीत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, पुण्याचे पुणेपण गेले. दुसरा म्हणतो, आधी आमच्या वाड्यात एक पावसाळा काढून दाखवा, मग बोला. माझे निरीक्षण असे, की पहिल्या तटातली बरीच मंडळी कोथरूडला किंवा त्याही पलीकडे लिफ्टच्या इमारतीत राहायला गेलेली असतात. पोटमाळ्याखाली पातेली मांडून रात्र काढणाऱ्याच्या तोंडून ‘पुणेपण’ हा शब्द मी अजून ऐकलेला नाही.

पण म्हणून दुसऱ्या तटाचे सगळे खरे, असेही नाही. वाडा ही आत बघणारी वास्तू. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून, रस्त्याकडे दिंडी दरवाजा आणि चार लहान खिडक्या ठेवून ती उभी राहते. उजेड आणि वारा घ्यायचा तो वरून, चौकातून. त्या चौकातच तुळस, हौद, वाळवणे आणि पोरांचा दंगा. सदनिकांची इमारत नेमकी उलट. तिला चारी बाजूंनी खिडक्या लागतात, म्हणून चारी बाजूंना मोकळी जागा लागते आणि पेठेच्या चिंचोळ्या जागेत ती नसते. तेव्हा नव्या इमारतीला लाकडी महिरपी आणि कमानी चिकटवल्या, दर्शनी भागाला विटकरी रंग दिला, की ती जुन्या घरांना ‘शोभते’ असे जे वास्तुविशारद सांगतात, ते मला पटत नाही. शेजारच्या चौकात ऊन पडते का आणि त्या घरातल्या बाईला चौकात बसून दाणे निवडता येतात का, हा खरा प्रश्न. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीतून कुणी आपल्याकडे बघते आहे असे वाटले, की चौकातली बाजसुद्धा आत जाते.

बँकेत तेहेतीस वर्षे काढल्यामुळे मला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पुणे साधारण साडेअठरा उत्तर अक्षांशावर. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीसुद्धा सूर्य इथे क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. मजल्याला तीन मीटर धरले तर बारा मजले म्हणजे ३६ मीटर. अशा इमारतीची सावली त्या वेळी उत्तरेकडे सुमारे ३२ मीटर लांब पडते. सकाळी नऊच्या सुमारास तिची लांबी दुपटीहूनही जास्त असते. म्हणजे उत्तरेकडचा शेजारी ऐन थंडीत आपल्या चौकाला मुकला. मे महिन्याच्या मध्यास सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा भर दुपारी हीच इमारत सावलीचा तुकडाही देत नाही. असा हा शेजारी! आणि हे गणित कुणी मांडून दाखवले, असे निदान मी तरी पेठेत पाहिलेले नाही.

मग इमारती एवढ्या उंच का होतात? बिल्डरची हाव, हे सोपे उत्तर. ती असतेच. पण उंचीचा निम्माअधिक निर्णय त्याच्याकडे वाडा येण्यापूर्वीच झालेला असतो. वाड्याच्या मालमत्ता पत्रकावर आजोबांच्या पाठोपाठ मुले, मुली, नातवंडे अशी नावे चढत गेलेली. एक वारस नागपुरात, एक अमेरिकेत, दोघांचे एकमेकांशी बोलणे नाही. त्यात भाडेकरू, पिढ्यान् पिढ्या राहिलेले, महिन्याला हॉटेलातल्या दोन चहांइतके भाडे देणारे. त्या भाड्यात मालक कौले शाकारू शकत नाही आणि भाडेकरूला दुसरीकडे घर परवडत नाही. मी कर्ज विभागात असताना एका गृहस्थांनी वाड्याच्या छपरासाठी कर्ज मागितले होते. रक्कम किरकोळ, माणूस सज्जन, नोकरी पक्की. प्रकरण वकिलांकडून परत आले. वारस चौदा, संमती सहांची, तारण अग्राह्य. नियमाला धरूनच होते ते. पण याच जागेवर इमारत उभी राहिली असती, तर तिच्यातल्या प्रत्येक सदनिकेवर बँकेने हसतमुखाने कर्ज दिले असते. जुने घर सावरायला पैसा मिळत नाही आणि पाडायला मिळतो, या एका गोष्टीने जितके वाडे गेले, तितके १९६१ च्या पानशेतच्या पुरानेही नेले नसतील, असे मला कधीकधी वाटते.

वाडा पाडायचे ठरले, की हिशेब सुरू. भाडेकरूंना घरे, वारसांना घरे किंवा रोकड, आणि या सगळ्याचा खर्च भागवून नफा उरेल इतक्या विक्रीच्या सदनिका. ही बेरीज चटईक्षेत्राच्या नियमात बसवायची. त्यातून पार्किंगचे मजले साधारणपणे चटईक्षेत्रात धरत नाहीत. त्यामुळे खाली गाड्या, वर माणसे, आणि सगळी इमारत आणखी वर उचललेली. जिथे ओटा होता, वाण्याचे दुकान होते, संध्याकाळी म्हातारी माणसे टेकत होती, तिथे आता लोखंडी फाटक आणि पहारेकऱ्याची खुर्ची. मला विचाराल तर गल्लीचे नुकसान बाराव्या मजल्यापेक्षा या तळमजल्याने अधिक केले.

यावर सरकारी उपाय काय असतो, तेही शनिवारवाड्याभोवतीच पाहायला मिळते. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगीखेरीज नाही. १९९२ ची ही अधिसूचना २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच आली. स्मारकाचा श्वास मोकळा राहावा हा हेतू चांगला आहे. पण त्या १०० मीटरांतही वाडे आहेत, आणि त्यांत माणसे राहतात. त्यांना डागडुजीची परवानगी मागता येते, नवे घर मागता येत नाही. बारा मजले नकोत हे ठीक. पण मोडकळीला आलेल्या दोन मजल्यांच्या जागी नवे दोन मजलेही नकोत? पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. घर सोडा म्हणणारे एक कार्यालय आणि बांधू नका म्हणणारे दुसरे. मधल्या माणसाने कुठे जावे? प्रत्येक स्मारकासाठी परिसर पाहून वेगळे नियम करावेत, अशी तरतूद त्याच २०१० च्या दुरुस्तीत आहे. मीटरपट्टीपेक्षा ती शहाणपणाची आहे, आणि मीटरपट्टीबाहेरच्या पेठांनाही तिचा विचार लागू पडावा. गल्लीची रुंदी, शेजारच्या चौकाची दिशा आणि तळमजल्यावर माणसांचा वावर, एवढे पाहून उंची ठरवता येते. एखाद्या जागेला सहा मजले पुरतील, दुसरीला आठ चालतील, आणि उत्तरेला उघडे मैदान असेल तर बारालाही कुणाची हरकत नसावी. जिथे उंची कमी केल्याने हिशेब तुटतो, तिथे तूट भरायचा मार्ग महापालिकेने काढला पाहिजे. नाहीतर ती तूट भाडेकरूच्या माथी येईल.

स्वित्झर्लंडमध्ये एक पद्धत आहे. बांधकामाची परवानगी मिळण्याआधी त्या जागेवर होऊ घातलेल्या इमारतीच्या उंचीचे खांब उभे करतात आणि हरकतींची मुदत संपेपर्यंत ते तसेच ठेवतात. शेजाऱ्याने नकाशे वाचायचे नाहीत, खिडकीतून बघायचे. आपल्याकडे हे अवघड का व्हावे? दरवर्षी गणपतीत अरुंद गल्ल्यांतून बांबूंचे उंचच उंच मांडव उभे करणारे कारागीर याच पेठांत आहेत. चार कोपऱ्यांवर चार बांबू, टोकाला लाल फडके, दोन दिवसांचे काम. बारा मजल्यांइतका बांबू मिळत नसेल तर बांबूला बांबू जोडावा. ते काम त्यांना शिकवावे लागणार नाही. मात्र ते डिसेंबरात उभे करावेत आणि दुपारी बारा वाजता शेजारच्या चौकात सर्वांनी, बिल्डरसकट, उभे राहावे.