जुनीं बालमासिकें : संग्रह व कालनिर्णय

बखरीचें एखादें सुटें पान हातीं आलें तर आपण तें रुमालांत बांधून ठेवतों. परंतु त्याच पेटींत मुलांच्या मासिकाचा फाटका अंक निघाला तर तो रद्दींत जातो. हा भेद युक्त नव्हे. मुलांस काय शिकवावें असें त्या काळच्या वडीलधाऱ्यांस वाटत होतें, मुलें कशास हंसत होतीं व त्यांच्यासाठीं बाजारांत काय विकलें जात होतें, याचीं अस्सल साधनें हींच होत.

विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ सालीं 'बालबोध' काढलें. वासुदेव गोविंद आपटे यांचें 'आनंद' १९०६ सालीं निघालें. पुढें १९५२ सालीं 'चांदोबा' मराठींत आला व १९७१ सालीं 'किशोर' सुरू झालें. मुंबईहून १९६४ पासून १९९० पर्यंत निघालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स' या चित्रमालेनें वेताळास मराठी घरांत आणलें. यांपैकीं पुष्कळ अंक हजारोंनीं छापले गेले असतांही पूर्ण संच क्वचितच आढळतात. कारण अंक हातोहात फिरत, कोडीं पेन्सिलीनें भरलीं जात व चित्रें कातरलीं जात. इंग्लंडांतही हीच स्थिति. तेथील 'डँडी' (४ डिसेंबर १९३७) व 'बीनो' (३० जुलै १९३८) यांचे पहिले अंक आज फारच थोडे उरले आहेत. दुसऱ्या महायुद्धांत जुना कागद लगद्यासाठीं गोळा केला गेला, त्यांत मुलांचीं पत्रेंही गेलीं.

मुखपृष्ठ गेलेल्या अंकाचा काल ठरवावयाचा असतां प्रथम वर्ष व अंक हे आंकडे पाहावे. पहिलें वर्ष १९०६ सालचें असेल तर बारावें १९१७ सालचें, हा सरळ हिशेब. परंतु त्यांत तीन धोके आहेत. पहिला, जोडअंकाचा : दोन क्रमांक एकाच अंकास दिलेले असतात. दुसरा, खंडाचा : युद्धकालीं कागदटंचाईमुळें 'डँडी' व 'बीनो' हीं साप्ताहिकें १९४१ ते १९४९ एकाआड एक आठवडा निघत, त्या काळांतील प्रत्येक आठवड्याचा अंक शोधणारा संग्राहक कधींच न छापलेला अंक शोधीत बसेल. तिसरा, भाषेचा : 'चांदोबा'च्या तेलुगु व तमिळ आवृत्त्या १९४७ च्या, मराठी १९५२ ची, मूळ आरंभापासून मोजल्यास पांच वर्षांची चूक होते.

बांधणी करतांना बांधणारे मुखपृष्ठें व जाहिराती काढून टाकतात. तसें होऊं देऊं नये. किंमत, छापखाना, शाईच्या नि वह्यांच्या जाहिराती हें सर्व तेथेंच सांपडतें. पहिल्या पानावरील मालकाचें नांव, बक्षिसाची नोंद किंवा भरलेलें कोडें खोडूं नये. पोथीच्या शेवटल्या लेखनकालाच्या ओळीइतकेंच त्याचें मोल आहे.

सर्वांत मोठी अडचण कागदाची. जुन्नरी हातकागदावरची दोनशें वर्षांची पोथी अद्याप वांकते. पण लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर छापलेला सत्तर-ऐशीं वर्षांचा अंक घडीवर तुटतो. त्यांत पोशेऱ्यासारख्या जव्हार-मोखाड्याच्या अतिवृष्टीच्या मुलखांत पावसाळ्याचे चार महिने हवा ओली असते व बुरशी आणि कसर लवकर धरते. म्हणून अंक भिंतीस टेकूं न देतां उंचावर, सुती रुमालांत आडवे ठेवावे. पावसाळ्यांत प्लास्टिकच्या बंद पिशवींत घालूं नये. चिकटपट्टी लावूं नये. भाद्रपद सरल्यावर सावलींत वारा द्यावा. नोंद मऊ पेन्सिलीनेंच करावी.

'किशोर'चे जुने अंक आतां संगणकावर वाचावयास मिळतात, ही सोय मोठी आहे. तथापि छायाचित्र मूळ प्रतीची जागा घेत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं असे अंक असतील त्यांनीं वर्ष, अंक, पृष्ठसंख्या, मुखपृष्ठ आहे कीं नाहीं व कोणाचे हस्ताक्षर आहे काय, एवढ्या पांच गोष्टींची यादी आधीं करावी. पोथीस वाट पाहतां येते, या कागदास येत नाहीं.