जिल्हा परिषद : तिची निवडणूक, तिचा कारभार आणि शेतकऱ्याचे मत

आमची सारी नोकरी महसूल खात्यात, कारकुनीत गेली. त्या काळात कचेरीत जे शेतकरी बांधव अर्ज घेऊन येत, त्यांतील पुष्कळांचे अर्ज उत्तम लिहिलेले असत. चुकलेले असे ते ठिकाण. एकदा आकुर्डीचेच एक वयस्क गृहस्थ आले. त्यांची जमीन मावळ तालुक्यात होती आणि शेताकडे जाणाऱ्या गावरस्त्यावरील मोरी पावसात वाहून गेली होती. मोरी बांधणे हे आमच्या खात्याचे काम नव्हे, असे सांगून आम्ही त्यांस पंचायत समितीचा रस्ता दाखविला. तेथे एका सदस्याने त्यांस पहिला प्रश्न विचारला, "आपले मत कोठे आहे?" "आकुर्डीस," असे यांनी सांगितले. सदस्य नाही म्हणाले नाहीत, परंतु अर्ज दोन पावसाळे तसाच पडून राहिला.

या एका प्रश्नात आपल्यापैकी अनेकांची अडचण साठविलेली आहे. आकुर्डी, पिंपरी, चिंचवड व भोसरी या चार गावांची मिळून ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. तेव्हापासून आकुर्डीचा रहिवासी जिल्हा परिषदेचा मतदार उरला नाही. परंतु कारखाने व वसाहती यांसाठी येथील जमिनी गेल्यावर ज्यांनी मावळ, मुळशी, खेड या तालुक्यांत जमिनी घेतल्या, अथवा ज्यांची वडिलार्जित शेती तिकडेच आहे, त्यांचे पीक जिल्हा परिषदेच्या हद्दीत उभे असते. सबब ही संस्था कशी निवडली जाते व कशी चालते, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

संस्थेचा पूर्वेतिहास

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ चा लोकल बोर्डांचा कायदा झाला. रस्ते, शाळा, दवाखाने यांसाठी शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आण्याचा लोकल फंड त्यापूर्वीपासूनच घेतला जात होता. त्या काळी मताचा अधिकार सर्वांस नव्हता. ठराविक मालमत्ता वा जमीनधारा असणाऱ्यांसच तो होता. म्हणजे तेव्हा जमिनीमुळे मत मिळे, आणि ज्याच्या नावे जमीन नाही अशा मजुरास व बहुतेक स्त्रियांस बोर्डात कोणी विचारीत नसे. स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला आणि हा अन्याय दूर झाला.

पुढे बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली पंचायत राज्याची शिफारस केली. आपल्या राज्यात वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. संविधानाची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने पाच वर्षांची मुदत, राखीव जागा आणि स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग यांस संविधानाचा आधार दिला.

निवडणूक

जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचे लोकसंख्येच्या मानाने गट पाडतात. कायद्याप्रमाणे सदस्यसंख्या ५० ते ७५ असते. पुणे जिल्हा परिषदेच्या २०१७ च्या निवडणुकीत ती ७५ होती. प्रत्येक गटाचे पुन्हा दोन गण होतात आणि प्रत्येक गणातून पंचायत समितीचा एक सदस्य निवडला जातो. यास्तव मतदार एकाच वेळी दोन मते देतो, एक गटासाठी व एक गणासाठी. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांच्यासाठी जागा राखीव असतात आणि एकंदर जागांपैकी निम्म्या स्त्रियांसाठी असतात. उमेदवाराचे वय २१ वर्षे पूर्ण हवे आणि त्याचे नाव त्याच जिल्ह्याच्या ग्रामीण मतदारयादीत हवे. म्हणजे आकुर्डीच्या मतदारास मत तर नाहीच, उमेदवारीही नाही.

निवडून आलेले सदस्य आपल्यांतून अध्यक्ष व उपाध्यक्ष निवडतात. त्यांची मुदत अडीच वर्षांची असते. पुणे जिल्ह्यातील तेरा पंचायत समित्यांचे सभापती हेही आपल्या पदामुळे परिषदेचे सदस्य असतात.

कारभार

ठराव करणे सदस्यांचे काम, अंमल करणे अधिकाऱ्यांचे. जिल्ह्यास मुख्य कार्यकारी अधिकारी आणि तालुक्यास गटविकास अधिकारी, अशी ही रचना आहे. सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून एकदा तरी भरलीच पाहिजे. खरा ऊहापोह होतो तो समित्यांत. स्थायी समितीखेरीज कृषी, बांधकाम, अर्थ, शिक्षण, आरोग्य, समाजकल्याण, पशुसंवर्धन व दुग्धविकास, महिला व बालकल्याण, जलसंधारण व पाणीपुरवठा अशा समित्या आहेत. परिषदेचा स्वतःचा पैसा थोडा. जमीन महसुलावरील उपकर व मुद्रांक शुल्कातील वाटा सोडला, तर बहुतेक भार सरकारी अनुदानावर आहे. म्हणून आलेला पैसा कोणत्या गावी व कोणत्या कामी जावा, हे ठरविताना सदस्याच्या शब्दास मोल येते.

आता शेतकऱ्याने ध्यानात ठेवावयाचे भेद सांगतो. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग परिषदेकडे. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे लहान बंधारे व तलाव परिषदेकडे. मोठी धरणे पाटबंधारे खात्याकडे. वहिवाटीची वाट कोणी नांगरली वा अडविली, तर दाद तहसीलदाराकडे मागावी, त्यासाठी १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे. बांधावरून नवी वाट हवी असेल, तर १९६६ च्या महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज तहसीलदाराकडेच करावा. परंतु गावरस्ता असून त्यावर खडी वा मोरी नसेल, तर तो विषय परिषदेचा. एवढे ध्यानात राहिले, तरी निम्मे हेलपाटे वाचतील.

निवडलेले मंडळ नसते तेव्हा

पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व गटांची रचना यांविषयीचे वाद न्यायालयात असल्याने निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घेण्याचा आदेश दिला; परंतु तोवर तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. प्रशासक कामचुकार असतो, असे आमचे म्हणणे नाही. आम्ही स्वतः सरकारी नोकरीत होतो. परंतु प्रशासकास वरचा अधिकारी प्रश्न विचारतो, खालचा शेतकरी विचारू शकत नाही. समित्या नाहीत, सभा नाहीत, म्हणून अमुक बंधारा का राहिला हे उघडपणे विचारण्याची जागाच त्या काळात नव्हती.

मत जमिनीचे की रहिवासाचे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे मनुष्य जेथे सर्वसाधारणपणे राहतो, तेथेच त्याचे नाव यादीत येते. एखाद्या गावी केवळ घर मालकीचे आहे, एवढ्यावरून तो तेथील रहिवासी ठरत नाही, मग शेताची गोष्ट दूरच. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही आणि खोटे निवेदन करून नाव घालणे हा गुन्हा आहे. 'दोन्हीकडे असू द्या, कोण पाहतो' असे म्हणणारे बांधव आम्हांस भेटतात. त्यांस आमची विनंती आहे की हा मोह टाळावा.

हा नियम एकट्या आपल्याच देशाचा नव्हे. आयर्लंड हा शेतकऱ्यांचाच देश. तेथील परगण्यांच्या परिषदा १८९८ च्या कायद्याने निर्माण झाल्या. तेथेही प्रथम मालमत्ता व कर यांवर मत अवलंबून असे. १९३५ च्या कायद्याने ते सर्व प्रौढांस मिळाले. आज तेथे दर पाच वर्षांनी निवडणूक होते, शेवटची ७ जून २०२४ रोजी झाली, आणि मत रहिवासावरच मिळते. एका विभागातून अनेक सदस्य निवडतात आणि मतदार उमेदवारांस पसंतीचे क्रम देतो. त्यामुळे एकाने विचारले नाही, तर त्याच विभागाच्या दुसऱ्या सदस्याकडे जाता येते. आपल्याकडे गटास एकच सदस्य, म्हणून त्याचे दार बंद झाले की पंचाईत होते.

जमिनीवरून मत द्यावे, अशी मागणी आम्ही करणार नाही. तसे केल्यास भूमिहीनास पुन्हा दाराबाहेर उभे करावे लागेल. मग आपण करावे काय? ज्या कुटुंबातील एखादा भाऊ वा मुलगा खरोखर शेतावर राहतो, त्याने आपले नाव तेथेच नोंदवावे व ग्रामसभेस न चुकता जावे. जे आकुर्डीस राहतात, त्यांनी शेताच्या गावातील शेजाऱ्यांशी संबंध राखावा, ग्रामपंचायतीचे देणे थकवू नये आणि गावाच्या कामास हातभार लावावा. अर्ज द्यावा तो गटविकास अधिकाऱ्याकडे, पोच घेऊन. उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकाराने विचारावे. त्यास मतदार असण्याची अट नाही.

त्या वयस्क गृहस्थांचे काम शेवटी असेच झाले. त्यांच्या बांधाशेजारील शेतकरी त्याच गावचा मतदार होता आणि मोरी त्यालाही हवी होती. त्याने ग्रामसभेत विषय मांडला, ठराव झाला, ठरावाची नक्कल अर्जास जोडली गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात मोरी बांधून झाली. अर्ज तोच, रस्ता तोच. मागे गाव उभे राहिले, एवढाच काय तो फरक. शेत ज्या गावी आहे, त्या गावी आपण केवळ सातबाऱ्यावरचे नाव होऊन राहू नये, एवढेच वाचक बांधवांस सांगून आम्ही हा लेख पुरा करतो.