ताप उतरला, मग रक्त का उतरलं?

२०१० च्या पावसाळ्यात घाटकोपरच्या आमच्या इमारतीत मजल्यागणिक एक तरी हिवतापाचा रोगी होता. शेजारी टॉवर उभा राहत होता. त्याच्या स्लॅबवरचं पाणी आणि आमच्याच गच्चीवरच्या उघड्या टाक्या, ॲनॉफिलीस डासांची चंगळ होती. मुंबईत त्या वर्षी ७६ हजारांवर रुग्णांची नोंद झाली. त्यांतला एक माझा बारा वर्षांचा मुलगा. व्हायवॅक्स मलेरिया.

गोळ्यांनी हुडहुडी थांबली, रक्तातले जंतू दिसेनासे झाले. पण पोरगं दुसऱ्या मजल्यावरच पायरीवर बसू लागलं. पहिल्या दिवशी साडेबारा असलेलं हिमोग्लोबिन साडेनऊवर आलं होतं.

"इतके जंतू होते?" मी डॉक्टरांना विचारलं.

"जंतू थोडेच होते हो. बाकीची पडझड त्याच्या स्वतःच्या शरीरानं केली."

मला हे पटेना. पण हिशेबच तसा आहे. व्हायवॅक्सचा जंतू फक्त कोवळ्या तांबड्या पेशींत शिरतो, आणि त्या असतात शंभरात एक-दोन. मात्र त्याची एक पेशी नष्ट होते तेव्हा अभ्यासकांच्या अंदाजानं सुमारे ३४ निरोगी पेशी जातात. फाल्सिपेरममध्ये सुमारे ८. प्रतिकारशक्ती चवताळलेली असते. प्रतिपिंडं चिकटलेल्या, ताठरलेल्या निरोगी पेशीही प्लीहा नुसत्या संशयावरून गिळते. चोरी एकानं करावी आणि पोलिसांनी अख्खी चाळ उचलावी, तसंच!

नवी भरतीही थंडावते. दाहातून सुटणारी रसायनं अस्थिमज्जेचं काम रोखतात. यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि शरीरातलं लोह कोठारात कुलूपबंद होतं. जंतूंनाही लोह हवंच असतं ना!

सासूबाईंनी खजूर सुरू केला होता, मी लोहाच्या गोळ्या आणायला निघाले होते. डॉक्टरांनी मला थांबवलं. दाह आहे तोवर आतडं लोह नीट शोषतच नाही; गोळ्यांचं नंतर, तपासून ठरवू, म्हणाले. खजुराला मात्र त्यांची हरकत नव्हती, आणि असती तरी सासूबाईंनी ऐकलं नसतं.

त्यांचा खरा आग्रह प्रायमाक्विनचे १४ दिवस पुरे करण्याचा होता. यकृतात दडलेले जंतू उठले की पुन्हा ताप आणि पुन्हा तीच पडझड. काहींच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी हे विकर कमी असतं, त्यांच्या पेशी हेच औषध फोडतं. म्हणून ती तपासणी आधी करून घेतली.

सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन साडेअकरा आलं. रिपोर्ट घेऊन तोच धावत वर आला, चौथ्या मजल्यापर्यंत, मध्ये कुठेही न बसता.